वासाचे पंच मल्हारीमामा

दारूचा वास कसा असतो हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन: उग्र व आंबट. दारूला मी आयुष्यात हात लावलेला नाही. पण कोर्टात लघुलेखक म्हणून माझी उभी हयात गेली, आणि हातभट्टीच्या प्रत्येक खटल्यात हे शब्द मला टाइप करावे लागले. दारू गुळाची असो नाही तर मोहाची, वास तोच. याचं कारण साधं होतं. आमच्या भागात पकडलेल्या जवळपास सगळ्या दारूचा वास एकाच माणसाने घेतलेला होता. त्यांचं नाव मल्हारी सोरमारे. पोलीस ठाणं त्यांना मल्हारीमामा म्हणायचं, आणि कोर्टाच्या कागदावर ते कायम 'पंच क्रमांक एक' असायचे.

पोलिसांनी जप्त केलेला माल खरोखर तिथेच सापडला, ठाण्यातून सोबत नेलेला नव्हता, हे सांगायला कायद्याला दोन पंच लागतात. ते त्याच भागातले, प्रतिष्ठित आणि निःपक्षपाती असावेत अशी अपेक्षा असते. कायदा लिहिणाऱ्यांची अशी समजूत असावी की प्रतिष्ठित माणसं भर दुपारी पोलिसांची वाट बघत रस्त्यावर उभी असतात. आमच्या ठाण्याच्या फाटकासमोर तेव्हा एकच माणूस उभा असायचा, तोही चहाच्या गाडीमागे. त्यामुळे प्रतिष्ठा रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली. दुसरा पंच मात्र दर वेळी नवा असायचा. चहा प्यायला आलेल्यांपैकी ज्याला वेळेवर पळता आलं नाही, तो दुसरा पंच.

मामा मूळचे खुलताबादच्या पलीकडचे. घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. एका दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, आणि मामा कळप विकून बायकोला घेऊन औरंगाबादला आले. मेंढरांशिवाय काही येत नसलेल्या माणसाने शहरात काय करावं, याचं उत्तर शहराकडे नव्हतं. मामांनी चहाची गाडी टाकली. त्या चहाबद्दल फार न बोललेलं बरं. दूध तळाला लागून करपलं तरी मामा ते शांतपणे ढवळत राहायचे. गिऱ्हाईक ओरडलं की म्हणायचे, "जरा कडक झाला." दूध टाकून द्यायला जिवावर येतं, कंजूष आहे झालं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी राहायला ठाण्याच्या मागच्याच गल्लीत. कोर्टात जाताना तो चहा मीही प्यायचे, कारण दुसरा मिळत नव्हता.

त्यांच्याकडे दोन फेटे होते. गाडीवर मळका, साक्षीला पांढरा. साक्षीच्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते तासभर आधीच कोर्टात येऊन बसायचे. शपथ घेताना त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या कोर्टातला आरोपीसुद्धा खरं बोलायला लागावा.

वास घेण्याची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी होती. कॅन समोर आला की मामा आधी फेटा मागे सारायचे. मग डोळे मिटायचे. एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने लांब श्वास, मग उलट. मग मान वाकडी करून थोडा वेळ गप्प. सगळं ठाणं त्यांच्या तोंडाकडे बघत असायचं. शेवटी मामा डोळे उघडून म्हणायचे, "हां." त्या एका 'हां'वर माणसं आत जायची. दाभाडे नावाचे एक हवालदार होते, ते कौतुकाने सांगायचे, "म्याडम, आमच्या मामाचं नाक म्हंजी परयोगशाळा हाय. सरकारी नुसती नावाला."

आणि ते खरं ठरवणारा एक प्रसंगही घडला. मामांनी वास घेतलेला एक कॅन तपासणीला गेला आणि अहवाल आला की आत साधं पाणी आहे. दुसरा कुणी पंच असता तर तोंडावर आपटला असता. पण कोर्टातल्या एकाही माणसाच्या मनात मामांबद्दल शंका आली नाही. मुद्देमालाच्या खोलीत दारू ठेवली तर पुढे तिचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कॅनमध्ये पाणी निघालं, म्हणजे आधी नक्की चांगली दारू असणार, असं उलट सिद्ध झालं. मामांचा भाव आणखी वाढला.

एका तरुण वकिलाने त्यांना अडवायचा प्रयत्न केला होता. त्याने उलटतपासणीत विचारलं, "देशी दारू आणि हातभट्टी, यांच्या वासात फरक काय, सांगा कोर्टाला."

मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, म्या माळकरी मानूस. फरक तुमास्नी जास्ती म्हाईत."

कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले, आणि वकील खाली बसला. मामांच्या गळ्यात माळ होती हे खरं. उत्तर दिलं गेलं नाही, हे हसण्याच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ते टाइप केलं, पण माझ्याही लक्षात आलं नाही.

पुढे पुन्हा दुष्काळाची वर्षं आली. गावं टँकरवर जगायला लागली आणि ज्यांचं टँकरवर भागेना ती माणसं शहरात आली. शहराला ती हवीच होती. पैठण रस्त्याला चितेगावपर्यंत कारखाने आणि इमारती उठत होत्या. आईबाप सकाळी स्लॅबवर चढायचे आणि पोरं खाली मोकळी. त्यांच्या हातात हळूहळू चिंध्या दिसायला लागल्या. रंगात घालायचं थिनर, पंक्चरचं सोल्युशन, कागदावरची चूक खोडायचं व्हाइटनर, जे मिळेल ते चिंधीवर ओतायचं आणि मुठीत धरून ओढत बसायचं. भूक लागत नाही, असं एका पोराने मला सांगितलं होतं. त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, फायदा म्हणून सांगितलं होतं.

एका अर्धवट इमारतीत असंच एक पोर मेलं. बांधकामावरच्या जोडप्याचा मुलगा, जेमतेम दहा-अकराचा. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. शहरालाही वाटलं असावं, कारण मोर्चा निघाला. मोर्चात पुढे कोणी चालायचं यावरून भांडणही झालं. मग सगळे ठाण्यावर आले आणि म्हणाले, कारवाई करा.

कारवाई कुणावर करायची हा प्रश्न होता. अंमली पदार्थांच्या कायद्यात पदार्थांची लांबलचक यादी आहे, पण थिनर त्यात नाही. ते दुकानात उघड मिळतं, पावतीसकट. ओढणाऱ्या मोठ्या माणसाला फार तर रस्त्यावर गोंधळ घातला म्हणून दंड करता येतो. ओढणारं लहान असेल तर कायदा म्हणतो की ते गुन्हेगार नाही, त्याची काळजी घ्या. कायदा फार प्रेमळ आहे. काळजी कुणी घ्यायची तेवढं विचारू नये. राहता राहिलं एक कलम. मुलाला जो नशेचा पदार्थ देईल त्याला सात वर्षांपर्यंत कैद. त्यात थिनर बसतं की नाही यावर वकील भांडू शकले असते, पण मोर्चा दारात असताना एवढा बारीक विचार कोण करतो? पोलिसांना फक्त एक देणारा हवा होता.

तो दोन दिवसांत सापडला. शेख रशीद, सिल्लोडचा, नव्या फ्लॅटांमध्ये दारांना पॉलिश करणारा कारागीर. त्याच इमारतीत काम करायचा. त्याच्या पिशवीत एक बाटली मिळाली आणि जिन्याखाली पोरांच्या चिंध्या. रशीद म्हणत होता की बाटलीत स्पिरिट आहे, लाख विरघळवायला लागतं, मी कुणाला थेंब दिला नाही. पोलिसांनी शास्त्रशुद्ध मार्ग पत्करला. मामांना बोलावलं. मामांनी फेटा मागे सारला, आधी चिंध्या नाकाला लावल्या, मग बाटली, आणि म्हणाले, "हां." पंचनाम्यात लिहिलं गेलं की पंचांनी वास घेऊन खात्री केली असता चिंध्यांचा व बाटलीचा वास एकच, थिनरचा, आला.

मग सगळं सील झालं. कापडी पिशवीत घालून, सुतळी बांधून, लाखेचा शिक्का मारून, जसं हातभट्टीचं करायची रीत होती अगदी तसं. फक्त कॅनमधली दारू कुणी प्यायली नाही तर जागेवर राहते आणि थिनर आपोआप उडून जातं, एवढा फरक राहिला. उन्हाळा औरंगाबादचा. तपासणीला पिशवी उघडली तेव्हा आत कोरड्या चिंध्या आणि बुचाच्या फटीतून सुकलेली रिकामी बाटली. अहवाल आला: काहीही आढळून येत नाही. चिंध्या ओढणारी पोरं बालगृहात ठेवली होती, ती तिथून पळाली होती. दुसरा पंच ऊसतोडीला गेला तो परत आलाच नव्हता. रशीदला सात वर्षं होणार की नाही, हे आता पूर्णपणे मल्हारीमामांच्या नाकावर होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाडीवर चहा घेत होते, तेव्हा रशीदची बायको नसीम तिथे आली. बरोबर लहान मुलगी. मला वाटलं आता ही रडणार, पाया पडणार. तिने तसं काही केलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "सब लोगां बोलते, तुमारी नाक कबी गलत नै होती. उनकी बाटली में पालिश का स्पिरिट था. तुम तो सूंगे थे ना? बस, जो सूंगे वोइच बोलो. हमारे वास्ते झूट नको बोलो."

मामांनी तिला चहा पुढे केला. तिने घेतला नाही, मुलीचा हात धरून निघून गेली. मामा दुधाकडे बघत उभे राहिले. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी हलले नाहीत. मामांच्या आयुष्यात त्यांच्या नाकावर एवढा विश्वास पोलिसांनीही ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पांढरा फेटा आला. शपथ मात्र इतक्या हळू घेतली की मला कान द्यावा लागला.

सरकारी वकिलांनी सवयीने विचारलं, "चिंध्या आणि बाटली, दोन्हींचा वास तुम्ही घेतला?"

"नाकाला लावलं व्हतं."

"वास कसा होता?"

"आला नाय."

"म्हणजे, उडून गेला होता?"

"त्ये मला काय म्हाईत, साहेब. मला कंचाच वास येत नाय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सर्दी झाली आहे का? पुढची तारीख देऊ."

"सर्दी नाय, साहेब. एडक्यानं टक्कर दिली व्हती, हितं, दोन्ही डोळ्यांच्या मधी. लगीन व्हायच्या आदी. लई रगात गेलं. तवापासून येत नाय."

एडका म्हणजे मेंढा, हे सरकारी वकिलांना समजावून सांगावं लागलं. माझी बोटं थांबली होती. हे टाइप करायचं का, म्हणून मी वर पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, "घ्या. सगळं घ्या."

सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि मामांवर तुटून पडले. "आरोपीच्या बायकोनं किती पैसे दिले?"

"चा बी घेतला नाय तिनं."

"तुम्ही धडधडीत खोटं बोलताय. आत्ता, या खोलीत, तुम्हाला कसलाच वास येत नाही?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. आमच्या कोर्टाला लागून स्वच्छतागृह होतं आणि दुष्काळामुळे त्याला पाणी दिवसाआड यायचं. तो पाणी न येण्याचा दिवस होता. प्रश्न विचारताना खुद्द सरकारी वकिलांच्या नाकाला रुमाल होता. न्यायाधीश तर गेले दोन महिने तोंडाने श्वास घेऊन न्याय देत होते.

मामांनी खोलीभर नजर फिरवली. रुमाल बघितले. "नाय, साहेब," ते म्हणाले. "येतोय व्हय?"

दारातला शिपाई न विचारता बोलला, "खरंय साहेब. मामा साक्षीला आले का भाकर संडासाम्होरच्या बाकावर बसून खातेत. त्या बाकावर दुसरं कुनी बसत नाय." ते रेकॉर्डवर घेतलं नाही, पण शिपायाला कुणी गप्पही केलं नाही. करपलेलं दूध का टाकलं जात नव्हतं, तेही मला त्या क्षणी कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "मग इतकी वर्षं खोटी साक्ष का दिलीत?"

मामांनी कठडा धरला. "पैल्या खेपेला हवालदार म्हनले, मामा, वास घ्या. म्या घेतला. त्ये म्हनले, आला ना? म्या म्हनलं, आला. नाय म्हनलो असतो तर त्यांनी दुसरा पंच धुंडला असता. मेंढरं इकून आल्तो, साहेब. गावात मला कळपासंगं वळखायचे. हितं कोन वळखत नव्हतं. त्या दिशी पैल्यांदा मला कुनी तरी मामा म्हनलं."

मग त्यांनीच न्यायाधीशांना प्रश्न केला. साक्षीदाराने असं करायचं नसतं. "आन साहेब, ह्येच्या आदी जे लोक आत गेले माझ्यापायी, त्येंचं काय?"

"त्यांचे निकाल झालेले आहेत," न्यायाधीश म्हणाले.

"पुन्यांदा हुत नायत?"

"तो आजचा विषय नाही."

रशीद सुटला. नसीम बाहेर पायरीवर बसून रडली. मुलगी मात्र कोर्टाच्या दाराचं पॉलिश बोटाने खरवडून बघत होती; तारखेला आलेला बाप त्या दाराकडे बघून म्हणाला होता, काम वाईट केलंय. इकडे कायद्याला जाग आली. मामांच्या जुन्या साक्षी काढल्या गेल्या, सगळ्या मीच टाइप केलेल्या. शपथेवर खोटं बोलण्याला शिक्षा किती, तर सात वर्षांपर्यंत. ज्या पोरांनी रोज वास घेतला त्यांच्यासाठी कायद्यात काही सापडलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर वास घेतलाच नाही, त्याच्यासाठी लगेच कलम सापडलं.

मामांनी गुन्हा कबूल केला. वय बघून त्यांना कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टात बसून राहायचं. ते बसले. त्या दिवशी दाभाडे हवालदार दोनदा आत आले आणि ओळख न दाखवता गेले. मामांनी दोन्ही वेळा उठून नमस्कार केला. मला दाभाड्यांचा जो राग आला, तो त्या सगळ्या खटल्यात बाकीच्या पोलिसांचाही आला नव्हता. पुढच्या महिन्यात रस्ता रुंद करताना चहाची गाडी अतिक्रमण ठरली. ठाण्याने नवा पंच शोधला, समोरचा मोबाइलवाला. त्याला वास येतो का, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. चिंध्या जिन्याखालून पुलाखाली गेल्या, आणि मोर्चेवाले पुढच्या मोर्चाला.

गाडी गेल्यावर मामा रोज सकाळी कुठे तरी चालत निघायचे. मामी म्हणाल्या, आत गेलेली माणसं हुडकत फिरतात. काहींनी शिव्या दिल्या, एकाने मारायला चप्पल उचलली, काही मेली होती. कायद्याला जे जमत नव्हतं ते मामांनी पायी करायला घेतलं होतं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते माझ्याच मोरीपाशी. आमच्याकडे पारूबाई भांडी घासायला यायची. कधी काळी नाल्याकडेला तिची भट्टी होती, आणि मामांच्या साक्षीवर ती आत जाऊन आली होती. ती साक्षही मीच टाइप केली होती. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. एका रविवारी मामा मागच्या दाराने आले. डोक्याला फेटाच नव्हता.

"पारू," ते म्हणाले, "म्या वास घेतलाच नव्हता. शपत घिऊन खोटं बोललो. माफी मागाया आलोय."

पारूबाईने कढई घासणं थांबवलं नाही. "कशाची माफी? दारूच व्हती ती. चांगली पैल्या धारेची. तू काय खोटं बोललास त्यात?"

चप्पल उचलणाऱ्यापुढे मामा उभे राहिले असतील, पण या उत्तरावर ते मटकन पायरीवर बसले. पारूबाईने राखेचा हात फिरवत बरीच भांडी संपवली. मग मामांनीच हळू विचारलं, "मंग येक सांग. कसा यायचा गं त्येचा वास?"

तिने कढई खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"त्या वासापायी पोरं उपाशी टाकून मी आत गेले, मल्हारी. आन तू आता मला इचारतोस व्हय, कसा यायचा म्हनून?"

"व्हय," मामा म्हणाले. "तवाच इचाराया पायजे व्हतं."